सुट्टी तिलाही असते

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



मे महिना लागला की घराघरांत एक प्रश्न ठरलेला असतो. मुलं विचारतात, यंदा कुठं जायचं? मामाचं गाव आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. खुद्द मामाच पुण्याला नाहीतर पनवेलला राहायला गेलेला असतो. मग कोणी वॉटर पार्कचं नाव काढतं, कोणी पाळण्यांच्या मोठ्या उद्यानाचं. आईवडील तिकिटाचे दर बघतात, हिशेब करतात, थोडं कुरकुरतात आणि शेवटी हो म्हणतात.

ज्या घरातलं एखादं मूल चालू शकत नाही, बोलू शकत नाही किंवा गर्दी-गोंगाटानं बिथरतं, त्या घरात हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो. ‘आपण जाऊ, पण हिचं काय करायचं?’ आणि त्याच्या पाठोपाठ, बहुतेक वेळा मायेच्या माणसांकडूनच, दुसरा प्रश्न येतो. ‘एवढ्या उन्हात तिचे कशाला हाल? तिला काय कळतंय?’

आज मी या दोन प्रश्नांविषयीच बोलणार आहे. मी काही डॉक्टर नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेला आणि कविता लिहिणारा माणूस. माझा यातला अधिकार एवढाच, की माझी धाकटी लेक तेरा वर्षांची आहे आणि तिला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली, त्यामुळे तिच्या हातापायांचे स्नायू ताठर राहतात. ती चाकांच्या खुर्चीत बसते. शब्द चार-पाचच बोलते. पण हसते मनमोकळं, आणि रुसतेही तितक्याच मनापासून. आम्ही सोलापूरचे. म्हणजे ऊन काय असतं, हे आम्हाला कोणी समजावून सांगायला नको.

आमच्या लहानपणी थीम पार्क हा शब्द नव्हता. गड्डा होता. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा भरते, तिला सोलापुरात सगळे गड्डाच म्हणतात. होम मैदानावर पाळणे लागायचे, मौत का कुआँ यायचा, वाकडंतिकडं तोंड दाखवणारे आरसे यायचे. सगळ्या गल्ल्यांतली, सगळ्या जातिधर्मांची पोरं तिथं असायची. जानेवारीचा गारवा असायचा, आणि खरी गर्दी व्हायची ती दिवेलागणीनंतर. आमच्याकडचे उरूसही रात्रीच रंगायचे. चैत्रातल्या जत्रा भर उन्हाळ्यात येतात खऱ्या, पण तिथंही पाळण्यांना रंग चढतो तो ऊन उतरल्यावर. मजा कोणत्या ऋतूत करायची आणि कोणत्या वेळी, याचं एक शहाणपण त्या जुन्या लोकांकडे होतं.

मग मोठी उद्यानं आली. दिल्लीत १९८४ साली अप्पू घर सुरू झालं. १९८२ च्या एशियाडमधल्या हत्तीच्या पिल्लाचं नाव त्याला दिलं होतं. मुंबईत गोराईला १९८९ मध्ये एस्सेल वर्ल्ड आलं, खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका आलं. या उद्यानांचा हंगाम शाळेच्या सुट्टीला बांधलेला, आणि घड्याळ दिवसाचं. सकाळी फाटक उघडायचं, संध्याकाळी बंद व्हायचं. त्यामुळे वर्षातली सर्वांत मोठी गर्दी आणि वर्षातलं सर्वांत कडक ऊन यांची गाठ नेमकी एकाच जागी पडते.

हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. अमेरिकेतलं पहिलं डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडलं, त्या दिवशी तिथं असाच कडक उन्हाळा होता. नळ जोडणाऱ्या कामगारांचा संप नुकताच होऊन गेला होता, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी पिण्याच्या पाण्याची सोय झालीच नव्हती. नवं डांबर इतकं मऊ झालं की बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. कोट्यवधी रुपयांचं उद्यान, आणि पहिल्या दिवशी लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर पाणी नव्हतं आणि पाय भाजत होते. धडधाकट माणसांचं हे, तर बाकीच्यांचं काय?

इथं शरीराविषयी थोडं बोलायला हवं. आपलं शरीर साधारण ३७ अंशांवर चालतं. बाहेरची हवा त्याच्याहून गरम झाली की अंगातली उष्णता बाहेर टाकायचा एकच भरवशाचा मार्ग उरतो, तो म्हणजे घाम. नुसता घाम येऊन भागत नाही. तो वाळायला लागतो. वाळता वाळता तो अंगातली उष्णता घेऊन जातो. सोलापूरच्या कोरड्या हवेत तो लगेच वाळतो, पण अंगातलं पाणी कधी संपत आलं ते कळत नाही. मुंबईच्या दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता निथळत राहतो. म्हणूनच हवामान खातं उष्णतेची लाट ठरवताना मैदानी प्रदेशासाठी ४० अंश आणि किनारपट्टीसाठी ३७ अंश अशा वेगळ्या मर्यादा धरतं.

आता ज्याचा घामच कमी पडतो अशा मुलाचा विचार करा. पाठीच्या कण्याला वरच्या भागात इजा झाली असेल, तर त्या इजेच्या खालच्या अंगाला नीट घाम येत नाही. फिट्स थांबवण्यासाठी दिली जाणारी काही औषधं, उदाहरणार्थ टोपिरामेट किंवा झोनिसामाइड, घाम कमी करतात, आणि मुलांमध्ये हे जास्त दिसतं. लाळ कमी व्हावी म्हणून दिलेल्या औषधांचंही तसंच. कृपा करून हे ऐकून कोणी औषध परस्पर बंद करू नका. फिट येणं त्याहून घातक आहे. पण उन्हाळ्याच्या आधी डॉक्टरांना एवढं जरूर विचारा, की या गोळीनं घाम कमी होतो का आणि आम्ही काय काळजी घ्यायची. आम्ही विचारलं, तेव्हा आम्हाला कळलं की चैत्रातही लेकीचं कपाळ कोरडं का असतं.

शिवाय ताठर स्नायू म्हणजे सतत काम करणारे स्नायू. ते बसल्या जागी उष्णता तयार करत असतात. तहान लागली तर सांगता येत नाही. पाणी दिलं तर घटाघटा पिता येत नाही, घास-घोट उलटा श्वासनलिकेत जायची भीती असते. पाठीला रेक्झिन, पोटाला पट्टा, पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टिकचे स्प्लिंट, म्हणजे वारा लागायला जागाच नाही. आणि उन्हात उभ्या केलेल्या खुर्चीच्या लोखंडी दांडीला हात लावून बघा, म्हणजे बाकीचं सांगावं लागणार नाही. स्वमग्न मुलांची अडचण आणखी वेगळी. डोक्यावर टोपी सहन होत नाही, अंगाला लावलेलं क्रीम सहन होत नाही, आणि उकाड्यात भोंग्यांचा आवाज दुप्पट टोचतो.

तेव्हा लेकीची नानी काळजीनं म्हणाली, ‘इत्ती धूप में बच्ची कू कां लेके जारे?’ तर तिचं काही चुकत नव्हतं. तिची भीती खरी होती. पण एप्रिल-मे महिन्यांत लेकीची विशेष शाळा बंद असते, व्यायाम घेणाऱ्या बाईही गावाला जातात. मोठा भाऊ मित्रांबरोबर बाहेर पडतो. उरतात ही दोघी, माय आणि लेक, आणि पंख्याखालची एक खोली. दोन महिने. भीती आणि ही खोली, दोन्ही तराजूत घालून आम्ही ठरवलं, की तिला न्यायचंच, पण पूर्ण तयारीनं न्यायचं.

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, आम्ही एका मोठ्या उद्यानात गेलो. नाव सांगत नाही, कारण तो दिवस दुसऱ्या कुठल्याही उद्यानात असाच गेला असता. आधी फोन केला होता. ‘व्हीलचेअर चालते ना?’ ‘हो हो सर, सगळं आहे.’ हे ‘सगळं आहे’ काय असतं, ते दिवसभरात हळूहळू समजत गेलं.

फाटकावर पिशव्या तपासल्या. बाहेरचं खाणं आणि पाणी आत न्यायला मनाई. आमच्या डब्यात खिमट होतं, मऊ भाताचं, तूप घातलेलं. ती दुसरं काही गिळू शकत नाही. आत पिझ्झा मिळतो, वडापाव मिळतो, खिमट मिळत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. रखवालदार वयस्कर होता. त्यानं चिठ्ठी उलटसुलट पाहिली, लेकीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, ‘न्या काका आत. फक्त कुणाला दाखवू नका.’ तो माणूस भला होता, याबद्दल शंका नाही. पण स्वतःच्या मुलीचं जेवण आपण चोरून आत नेतोय, ही भावना बराच वेळ गेली नाही.

उतार होता, पण उताराच्या तोंडाशीच गटारावर लोखंडी जाळी. खुर्चीची पुढची लहान चाकं बरोबर त्या फटीत अडकायची. मी आणि मुलानं प्रत्येक वेळी खुर्ची उचलली. पहिल्या नावेच्या खेळापाशी एक विशीतला मुलगा उभा होता. त्यानं आमच्याकडे पाहिलं, वॉकी-टॉकीवर कोणाशी तरी बोलला आणि म्हणाला, ‘सॉरी सर, सेफ्टी.’ पाटीवर उंचीबद्दल लिहिलं होतं, हृदयविकाराबद्दल लिहिलं होतं, गरोदर बायकांबद्दल लिहिलं होतं. माझ्या मुलीबद्दल काहीच नव्हतं.

मी त्याच्याशी वाद घातला नाही. त्याचं म्हणणं पूर्ण गैर होतं असंही मी म्हणणार नाही. काही पाळण्यांत मान सावरता यायला हवी, हाताला पकड हवी. मध्येच यंत्र बंद पडलं तर उंचावरून शिडीनं उतरता यायला हवं. तिथं ‘नाही’ हेच बरोबर उत्तर आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की ते उत्तर आधी, लेखी आणि कारणासकट मिळावं. कोणत्या खेळात बसता येईल, कोणत्यात नाही, कुठं खुर्ची सोडून उचलून बसवावं लागेल, हे घरी बसून कळलं असतं, तर आम्ही लेकीला प्रत्येक दारापर्यंत नेऊन परत फिरवलं नसतं. नकार ती तोंडावरून ओळखते. त्यासाठी शब्द लागत नाहीत.

घोड्यांच्या चक्रात बसायला परवानगी मिळाली. रांग होती पाऊण तासाची, वर पत्रा, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, आणि वळणं इतकी अरुंद की प्रत्येक वळणावर खुर्ची मागंपुढं करावी लागे. साडेबारा झाले असतील. तिच्या अम्मीनं सवयीनं तिच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाली, ‘चला, बाहेर.’ चेहरा लाल झाला होता, कपाळ कोरडं, डोळे जड. आम्ही कठड्याखालून लोकांची माफी मागत बाहेर आलो. मुलानं विचारलं, आमची जागा कोणी धरून ठेवेल का? उत्तर आलं, ‘लाइन सोडली की परत मागून.’

एका खाद्यपदार्थांच्या दुकानामागं कडुनिंबाचं झाड होतं. त्या सबंध परिसरात मला दिसलेली ती एकच खरी सावली. स्प्लिंट काढले, पट्टा सैल केला, पंचा भिजवून मानेला, काखेत, पायांना लावला, मुलानं पुठ्ठ्यानं वारा घातला, तिच्या अम्मीनं चमच्याचमच्यानं पाणी पाजलं. वीस-पंचवीस मिनिटांनी डोळे नीट उघडले आणि तिनं भावाचे केस ओढले. तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

मग कपडे बदलायची वेळ आली. चाकाच्या खुर्चीचं चित्र असलेलं एक स्वच्छतागृह होतं. त्याला कुलूप होतं. किल्ली आली, दार उघडलं, तर आत बादल्या आणि फरशी पुसायचे दांडे. तान्ह्या बाळांसाठी भिंतीला एक फळी होती, पण माझी लेक तेरा वर्षांची आहे. शेवटी बायकांच्या प्रसाधनगृहात ओल्या फरशीवर चादर अंथरून तिच्या अम्मीनं तिला बदललं. दोन अनोळखी मुलींनी ओढण्यांचा आडोसा धरला. त्या कोण, कुठल्या, आम्हाला ठाऊक नाही. त्यांना आम्ही आजही दुवा देतो. पण अशा मुलींच्या चांगुलपणावर एखाद्या उद्यानाची व्यवस्था चालावी, हे काही बरं नाही.

चार वाजता ऊन कलल्यावर लहान मुलांच्या उथळ पाण्यापाशी गेलो. एका नळीतून बारीक तुषार उडत होते. तिथं साफसफाई करणाऱ्या मावशींनी काही न विचारता ती नळी जरा आमच्या बाजूला वळवली. थंड तुषार तोंडावर आले, तशी लेक आधी दचकली, मग खदखदून हसली. नळी परत तिकडं फिरली, तेव्हा तिनं स्पष्ट म्हटलं, ‘और.’ तिच्या चार-पाच शब्दांपैकी हा एक. आम्ही तिथं तास-दीड तास बसलो. ती दर वेळी ‘और’ म्हणत होती. तिला काय कळतंय, असं ज्यांना विचारायचं असेल, त्यांनी या शब्दाचा अर्थ लावावा. आनंद काय असतो, तो संपला की परत मागायचा असतो, आणि कोणाकडे मागायचा, एवढं तिला कळतं. याहून जास्त कळणारी माणसं मी फारशी पाहिली नाहीत.

आता अनुभवातून आलेल्या चार गोष्टी सांगतो. जायचं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी. फाटक उघडताना आत, बारा ते साडेतीन सावलीत किंवा वातानुकूलित जागेत, आणि मग पुन्हा चारनंतर बाहेर. खुर्चीच्या रेक्झिनवर सुती गोधडी टाकावी. बक्कल आणि दांड्यांवर फडकं गुंडाळावं. पाणी ‘मागेल तेव्हा’ नाही, तर घड्याळ लावून, दर वीस मिनिटांनी थोडं थोडं द्यावं. लघवी किती वेळा झाली, रंग गडद झाला का, यावर नजर ठेवावी. हवा चाळीस अंशांच्या वर असेल तर कोरड्या अंगावर पंखा म्हणजे गरम वारा. आधी अंग ओलं करायचं, मग वारा घालायचा. आणि मूल नेहमीसारखं प्रतिसाद देईनासं झालं, अंग भट्टीसारखं तापलं, उलट्या किंवा झटके सुरू झाले, तर तो उष्माघात समजावा. १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहायचं. भान नसलेल्या मुलाच्या तोंडात मात्र पाणी घालायचं नाही. जी मुलं बोलत नाहीत, त्यांचं ‘नेहमीसारखं’ काय, हे फक्त घरच्यांना माहीत असतं. म्हणून त्या दिवशी एका माणसानं दुसरं काही करायचं नाही, फक्त मुलाकडे बघायचं. आमच्याकडे ते काम तिच्या अम्मीचं होतं, म्हणून वेळेवर कळलं.

हे झालं घरच्यांचं. पण सगळं घरच्यांवर टाकून चालणार नाही. जगात काही ठिकाणी याचा विचार झालेला आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यात सॅन अँटोनिओ नावाचं शहर आहे. उन्हाळ्यात पारा सहज पस्तिसाच्या वर जाणारं. तिथं गॉर्डन हार्टमन नावाचे घरं बांधणारे व्यावसायिक होते. सुट्टीत त्यांची मुलगी मॉर्गन पोहण्याच्या तलावात इतर मुलांशी खेळायला गेली, आणि तिला कसं वागवावं हे न कळल्यानं ती मुलं पाण्याबाहेर निघून गेली. मॉर्गनला शारीरिक आणि बौद्धिक अडचणी आहेत. हार्टमन यांनी एका जुन्या दगडाच्या खाणीच्या जागेवर २०१० मध्ये ‘मॉर्गन्स वंडरलँड’ हे उद्यान सुरू केलं. तिथं घोड्यांच्या चक्रात चाकांच्या खुर्चीसाठी जागा आहे आणि ती जागाही घोड्यांसारखी खालीवर होते. झोपाळ्यावर खुर्चीसकट चढता येतं. २०१७ मध्ये शेजारीच पाण्याचं उद्यान झालं. विजेवरची खुर्ची पाण्यात नेता येत नाही, म्हणून दाबाच्या हवेवर चालणाऱ्या खुर्च्या पिट्सबर्ग विद्यापीठाच्या मदतीनं तयार करण्यात आल्या. अपंगत्व असलेल्यांना प्रवेश फुकट. आणि लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की तिथं येणाऱ्यांत अपंगत्व नसलेलीच माणसं जास्त असतात. कारण जिथं माझी लेक खेळू शकते, तिथं तुमचं मूलही खेळतंच.

रांगेचंही तसंच. डिस्नेच्या अमेरिकेतल्या उद्यानांनी २०१३ पासून एक पद्धत सुरू केली. ज्यांना अपंगत्वामुळे रांगेत थांबता येत नाही, त्यांना परत यायची वेळ दिली जाते. वाट बघायची, पण रांगेत नव्हे, सावलीत बसून. त्याआधीच्या सवलतीचा काही पैसेवाल्या लोकांनी गैरफायदा घेतल्याचं प्रकरण गाजलं होतं. २०२४ मध्ये डिस्नेनं या सोयीचे नियम पुष्कळ आवळले, त्यावरून बरेच पालक नाराजही आहेत. म्हणजे तिथंही सगळं गोड नाही. पण ती कल्पना बघा किती साधी आहे. त्या दिवशी एखाद्या चिठोऱ्यावर कोणी ‘दीड वाजता या’ असं लिहून दिलं असतं, तर माझ्या लेकीला पत्र्याखाली तापावं लागलं नसतं. याला काही खर्च येत नाही. कपडे बदलण्याचंही तसं. ब्रिटनमध्ये २००६ पासून ‘चेंजिंग प्लेसेस’ या नावानं पालकांनी आणि संस्थांनी चळवळ चालवली. मोठ्या माणसाला झोपवता येईल असा बाक आणि उचलण्याचं यंत्र असलेली स्वच्छतागृहं त्यांनी मागितली. २०२१ पासून इंग्लंडमध्ये नव्या मोठ्या सार्वजनिक इमारतींना ती बंधनकारक झाली.

आपल्या देशातही कायदा आहे, आणि तो चांगला आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सात ऐवजी एकवीस प्रकारचं अपंगत्व मान्य करतो. त्यात संस्कृती आणि करमणुकीचं स्वतंत्र कलम आहे. सेवा देणाऱ्या खासगी कंपन्यांनाही सुगमतेचे नियम लागू आहेत. त्यांना दिलेली दोन वर्षांची मुदत २०१९ सालीच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सुगमतेचे नियम नुसत्या शिफारशींसारखे ठेवून चालणार नाही, सक्तीचे निकष करा. अपंग म्हणा, दिव्यांग म्हणा, शब्द बदलल्यानं गटाराच्या जाळीतून चाक निघत नाही. जाळी बदलावी लागते.

आणि ती बदलता येते. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर २०२२ च्या नोव्हेंबरात वाळूतून पाण्याच्या जवळपर्यंत कायमचा लाकडी रस्ता केला. आयुष्यात पहिल्यांदा लाट जवळून पाहिलेली माणसं तिथं भेटली. दोनच आठवड्यांत मांदूस वादळानं तो रस्ता मोडला. तेव्हा महापालिकेनं ‘बघा, टिकत नाही’ असं म्हटलं नाही. दुरुस्त केला.

काही उद्यानवाले म्हणतील, अशी मुलं येतात किती? मला वाटतं, प्रश्न उलटा आहे. २०११ च्या जनगणनेत देशात अपंग व्यक्ती दोन कोटी अडुसष्ट लाख मोजल्या गेल्या, आणि तेव्हा फक्त आठच प्रकार मोजले होते. ही माणसं बागेत, उद्यानात, सिनेमागृहात दिसत नाहीत, म्हणून सोय होत नाही. सोय नाही, म्हणून ती दिसत नाहीत. शिवाय सावली, पाणी, बसायला बाक, सपाट रस्ता आणि उघडं स्वच्छतागृह हे फक्त माझ्या लेकीला हवं असतं का? गुडघे दुखणाऱ्या आजीला हवं असतं, तान्हं बाळ घेतलेल्या आईला हवं असतं, आणि दुपारी एक वाजता तुम्हालाही हवं असतं.

श्रोतेहो, या सुट्टीत तुमच्यापैकी पुष्कळजण कुठं ना कुठं जाल. तुमच्या चाळीत, सोसायटीत, नात्यात असं एखादं मूल असेल तर त्याच्या आईवडिलांना विचारा, ‘येता का आमच्याबरोबर?’ खुर्ची उचलायला दोन हात जास्त असले की फार फरक पडतो. उद्यानात फोन कराल तेव्हा तुमच्या घरी असं मूल नसलं तरी विचारा, ‘तुमच्याकडे चाकाची खुर्ची कुठल्या खेळापर्यंत जाते? दुपारी सावली कुठं आहे? ते स्वच्छतागृह उघडं असतं का?’ एका बापानं विचारलं तर ती तक्रार होते, शंभर गिऱ्हाइकांनी विचारलं तर तो धंद्याचा प्रश्न होतो. आणि रांगेत एखादी खुर्ची दिसली, तर ‘बिचारी’ म्हणून मान वळवू नका. तिच्याकडे बघून हसा, जमलं तर सावलीकडची जागा द्या. ती तुमच्यासारखीच सुट्टीला आलेली आहे.

आमचं म्हणाल, तर यंदाही आम्ही जाणार आहोत. गोधडी धुऊन ठेवली आहे, पंचे काढून ठेवले आहेत. तिच्या नानीनं यंदा नको म्हटलेलं नाही. तिनं फक्त विचारलंय, तिथं तिच्यासाठी बसायला बाक आहे का? उद्यानवाल्यांना मी फोन करून विचारलं आहे. उत्तराची वाट बघतो आहे.